दादाची जागा

तालमीत ती जागा आली, की सगळा वाद्यवृंद दबकून चालायचा. व्हायोलिनं एका सुरावर स्थिरावायची, ड्रमवर नुसते ब्रश फिरायचे आणि संगीतकार ट्रम्पेटच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हात हलवत राहायचा.

व्हायोलिनांच्या ताफ्यात जॅझ घुसवायचं वेड दोघा भावांचं. धाकट्यानं लिहायचं, थोरल्यानं वाजवायचं. या रचनेत त्या जागी ट्रम्पेटच्या कागदावर एवढंच होतं : ‘दादा, सुचेल ते.’ दादा गेला, तरी धाकट्यानं ती जागा कोणाला दिली नाही. का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. त्याला तिथं दादा ऐकू यायचा. अगदी श्वास घेतल्याच्या आवाजासकट.

आज ती जागा आली आणि त्याची एक विद्यार्थिनी मागच्या रांगेतून उठून सरळ ट्रम्पेट वाजवू लागली.

त्यानं हात खाली आपटला. सगळे थांबले.

“कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच, सर,” ती चाचरत म्हणाली. “वर्गात म्हणता ना, मोकळी जागा दिसली की घाबरायचं नाही, शिरायचं.”

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

“ही सोडून.”

“भावोजी.” चेलोवाल्यांमधून वहिनीचा आवाज आला. तालमीत तीही त्याला सरच म्हणायची. “वाजवू द्या तिला.”

“वहिनी, निदान तुम्ही तरी...”

“वाजवू द्या.”

त्यानं हात उचलला.

मुलीचा पहिला सूर फाटला. दुसरा डळमळला. मग तिला वाट सापडली आणि ती अशी काही सुटली, की ड्रमवाल्याच्या भुवया वर गेल्या. दादा असं कधीच वाजवत नसे. संगीतकार जिवाचा कान करून ऐकत होता. तिच्या सुरांखाली, सुरांमागे, दोन सुरांमधल्या फटीत. तिथं कोणी नव्हतं.

रचना संपली. टाळ्या पडल्या. मुलगी लालबुंद होऊन खाली बसली.

“छान,” तो म्हणाला. “जरा पाय मोकळे करून या सगळे.”

खोली रिकामी झाली. वहिनी तेवढी जागची हलली नाही. चेलो गुडघ्यांत घट्ट धरून ती बसून होती.

“भावोजी,” ती हळूच म्हणाली, “तुम्हालाही ऐकू यायचा तो?”