निम्मी सायकल

बाळकुमची जमीन विकल्यावर दादाने घरातलं सगळंच निम्मं मागितलं. पाटा त्याला, वरवंटा मला. गिअरची सायकल दोघांत एकच होती, तीसुद्धा खोलली. गिअर बदलायची लिव्हर त्याने नेली, अकरा गिअरचं मागचं चाक मी. मग दोघांनी आपापली सायकल स्वस्तात जोडली. मी नऊ गिअरची लिव्हर लावली, त्याने नऊ गिअरचं चाक. काल गायमुखच्या चढावर माझी चेन सटकली, गुडघे फुटले. मेकॅनिक म्हणाला, “अकराला अकराचीच लिव्हर लागते.” लंगडत दादाच्या दारात गेलो. “दादा, लिव्हरची अदलाबदल करू. दोघांच्या सायकली चालतील.” “तुझी चालू नये म्हणूनच माझी खडखडू देतोय.” त्याने शांतपणे लिव्हर सोडवली, पायरीवर ठेवली आणि एका घावात फोडली. मला लिव्हरचं काही वाटलं नाही. त्याच्या हातात वरवंटा होता. माझी बायको दिवाळीपासून तोच शोधतेय.