मोटरीचा घण

“मग, ठरलं का कोणता?” चोनने तिसऱ्यांदा विचारलं.

मेलितोन लोहार बाकाभोवती घुटमळत होता. बाकावर तीन कागद पसरले होते. उडू नयेत म्हणून कडांवर खिळे ठेवलेले. मोटरीवर चालणाऱ्या घणाची तीन चित्रं. एकात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घण उचलत होते, दुसऱ्यात मोटरीवर फिरणारं जुनं टायर, तिसऱ्यात हवेचा दाब. तिन्ही घरच्या घरी होण्यासारखे. चोन वेल्डिंगवाला हुशार माणूस, भंगारातून काय वाट्टेल ते उभं करील. पण मेलितोनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भट्टीपाशी जायचा, उगीचच भाता हलवायचा, परत कागदांपाशी यायचा.

“पाट्यांचा घ्या, मिस्त्री. साधा सरळ आहे.”

“पाटा तुटला तर? माझ्या टाळक्यात बसेल.”

“मग टायरचा.”

“टायर उन्हानं तडकतं.”

“बरं बाबा, हवेचा!”

“तो सारखा फुसफुसतो. मला नाही चालायचा.”

“फुसफुसतो म्हणे! अहो, घण बघताय की जावई?”

दाराशी खोक्यावर कॉफी पीत बसलेला नाबोर हसला नाही. नाबोर मेलितोनचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं ह्याच ऐरणीच्या पलीकडे उभा राहून त्याने घण मारला होता. अमातितानच्या शिवारात घायपात तोडणाऱ्यांच्या हातातली गोल पाती बहुतेक ह्या दोघांचीच. आता नाबोरचा उजवा खांदा कामातून गेला होता. पुन्हा घण उचललास तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरने बजावून सांगितलं होतं. म्हणून मोटरीचा घण. आणि त्याला एकच माणूस पुरतो. सांडशीत लोखंड धरा, आपल्याच पायाने पॅडल दाबा, झालं काम. ग्वादालाहाराला नाबोरच्या लेकीने त्याच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. इकडे घण सुरू झाला, की तो तिकडे जाणार होता.

जाऊ नकोस, एवढं म्हणायला काय लागतं? पण दोघं भाऊ नऊ वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. कारण काय, तर एक खेचर. मेलितोनने नाबोरला न विचारता ते विकलं. नाबोर चार शब्द बोलला, मेलितोन आठ बोलला, आणि तिथून जी तोंडं बंद झाली ती झालीच. जेवायला चल, हेही मेलितोनच्या बायकोने येऊन सांगायचं.

ऐरणीपाशी मात्र दिवसभर दोघांचं चालू असे. मेलितोनची हातोडी लाल लोखंडावर जिथे टेके, तिथे नाबोरचा घण पडे. हलका ठोका म्हणजे जपून. जोराचा म्हणजे लाव ताकद. मोकळ्या ऐरणीवर दोन ठोके म्हणजे पुरे. कधीकधी, काम संपल्यावर, मेलितोन उगीचच तिसरा ठोका देई. मग पलीकडून घणही ऐरणीला नुसता टेकून जाई. ह्याचा अर्थ दोघांनाही कुणी विचारू नये. पण ह्याहून बरं बोलणं मेलितोनचं दिवसभरात कुणाशीच होत नसे. हे त्याला ह्याच आठवड्यात उमगलं होतं, आणि तो पार घाबरून गेला होता.

चोन कागद गुंडाळायला लागला. “चालू द्या तुमचं. पुढच्या वर्षी बोलवा.”

“थांब,” मेलितोन म्हणाला. “पाट्यांचाच कर. पण पॅडल माझ्या पायाशी नको.”

त्याने खडू घेतला, ऐरणीला वळसा घालून पलीकडे चार पावलं गेला आणि सिमेंटच्या जमिनीवर फुली मारली. “इथं बसव.”

चोनने फुलीकडे बघितलं. मग मेलितोनच्या पायांकडे बघितलं. “मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना? लोखंड धरणार तिकडे आणि पाय येणार इथं? ह्याला दुसरा माणूस लागेल!”

“लागू दे.”

“अहो, सगळ्या जगात हा घण एकटा माणूस चालवतो. त्यासाठी तर करतात!”

“माझ्या घणाला दोन लागतात!” मेलितोन ओरडला. त्याचा आवाज चिरकला. “खांदा नाही लागत त्याला. पाय लागतो नुसता. पाय धड असलेला माणूस लागतो.” हे सगळं तो चोनकडे बघून बोलला. दाराकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

दाराशी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं वाजली. बाहेर चालली की आत येताहेत, मेलितोनला कळेना. तो खडू धरून, मान खाली घालून उभा राहिला.

झिजलेले बूट फुलीपाशी येऊन थांबले. नाबोर फुलीवर उभा राहिला. ऐरणीकडे बघितलं, मान वाकडी करून पुन्हा बघितलं. मग त्याने बुटाने ती फुली घासून टाकली, भावाच्या हातातला खडू काढून घेतला, आणि हातभर डावीकडे दुसरी फुली मारली.

“तिथून तुझी हातोडी दिसत नाही, दादा.”