मिनिटाला एक ठोका
“कोनी मानणार नाई, पन आयका,” म्हणत बडनेऱ्याच्या मोतीराम वेल्डरनं दुकानापुढच्या ड्रायव्हरांना जीपची पेट्रोलटाकी दाखवली. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते, म्हणून आधी पाणी भरायचं, मगच ज्योत लावायची. ही सांधताना तो पाणीच विसरला होता. निम्मा सांधा झाला आणि पेट्रोलचा वास आला. थांबावं, तर तापल्या पत्र्याची आग उघड्या भोकातून टाकीत शिरणार. ज्योत धरून ठेवावी, तर पातळ पत्रा जळणार. मग छातीच्या दर ठोक्याला तो ज्योत टेकवून उचलू लागला. पण भीतीनं ठोकेच धावत सुटले आणि पत्रा लाल झाला. “मंग म्या श्वास कोंडला. मिनिटाले एकच ठोका ठेवला, मेल्यावानी चूप रायलो अन् सांधा पुरा केला!” चहा आणणारी बायको पंचफुला थबकली. “मेल्यावानी चूप होते, तं ‘पंचफुले, पोरं सांभाळजो’ करून बोंबलत कोन होतं?”