लाल दोऱ्याची ट्यूब

लेकीच्या लग्नाच्या वर्षी, २००७ साली, झेंडू तोडून मखमलाबादच्या नवसाबाईचे आणि धाकट्या जावेचे, मंजुळेचे, हात खाजून फुटले. नाशिकच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीसाठी दोघींना एकेक सारखी दिसणारी ट्यूब दिली. एकीत दाह शमवणारे नॅनोकण होते, दुसरीत नुसतं मलम. ओळखायला नवसाबाईने आपल्या ट्यूबला लाल दोरा बांधला. पंधरवड्यात मंजुळेचेच हात बरे झाले. नवसाबाई जळफळली, "फुटक्या हातांनी कन्यादान करू मी, अन् तू मिरव!" "तुमचेबी होतील बरे, जाऊबाई," मंजुळा हसली. ती मळ्यात जाताच नवसाबाई आपला दोरा तिच्या ट्यूबला बांधायला गेली. पण दोऱ्याची ट्यूब मधोमध दाबलेली होती. नवसाबाई ट्यूब खालून गुंडाळत दाबायची. मधोमध दाबायची खोड मंजुळेची. आपली गुणाची ट्यूब जावेला मिळावी म्हणून दोरा मंजुळेनेच आधी बदलला होता. नवसाबाईने ती दोऱ्याची ट्यूब ठेवून घेतली. कन्यादानाला मंजुळेने पुन्हा फुटलेले हात पदराखाली झाकले. मंजुळा २००९च्या पोळ्याला वारली; दोऱ्याचं तिच्याशी बोलायचं नवसाबाईचं राहूनच गेलं.