सतरा नंबरचा फॉर्म

विशालाक्षी मॅडमनी सतरा नंबरच्या फॉर्मवर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, "हा काढून टाक."

सौजन्या समोरच्या स्टुलावर अवघडून बसली होती. मानसशास्त्रात एम. ए. करायला म्हैसूरला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. तिचा प्रबंध वसतिगृहातल्या मुलींच्या एकटेपणावर होता आणि सोमवारी जमा व्हायचा होता. मार्गदर्शक म्हणून मॅडमची सही झाली नाही तर वर्ष बुडणार होतं. शिरसीला घरी वडिलांना ते कसं सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती.

चाळीस मुली, प्रत्येकीला वीस प्रश्न. जितकं जास्त एकटं वाटतं तितके गुण जास्त, अगदी ऐंशीपर्यंत. एकोणचाळीस जणी चौतीसच्या आगेमागे होत्या. सतरा नंबरच्या मुलीला अठ्ठ्याहत्तर होते.

मॅडमनी कॅल्क्युलेटर तिच्यापुढे सरकवला. एवढ्या एकीपायी सरासरी वर सरकली होती आणि आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते सांगणारं प्रमाण विचलन चाराचं आठ झालं होतं. मध्यगा, म्हणजे ओळीतला मधोमधचा आकडा, तेवढी जागची हलली नव्हती. मध्यगेला एकट्यादुकट्या माणसाचं सोयरसुतक नसतंच.

ती मुलगी खरंच तशी असेल, असं सौजन्या चाचरत म्हणाली. मॅडम हसल्या. तीस वर्षं असले गठ्ठे तपासून लबाडी आपल्याला लांबूनच कळते, असा त्यांचा दावा होता. कॉफीची घाई झाली की पोरी शेवटच्या रकान्यात सटासट खुणा करून मोकळ्या होतात, असं त्यांनी सांगितलं.

"सगळ्या शेवटच्या रकान्यात नाहीत, मॅडम. सहाव्या आणि चौदाव्या प्रश्नाला एक घर अलीकडे आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ओळखतेस की काय हिला?"

"आमच्याच वसतिगृहात असते. फारसं कुणाशी बोलत नाही."

फॉर्मवर नावं नसतात आणि विचारायचीही नसतात. मॅडमनी ते पथ्य पाळलं. पण त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

"मग तू बोल की तिच्याशी. कॉफी पाज एकदा. पण हिशेबात तिला ठेवू नकोस. बाकीच्या पोरींनी बघ, कसे मनापासून भरलेत. कुणाचं निळं पेन, कुणाचं काळं, कुणाचं हिरवं. गोळ्या पुरल्या ना सगळ्यांना?"

फॉर्म भरणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही विभागातली जुनी रीत होती. एक फॉर्म, एक गोळी. सौजन्याने बाजारातून संत्र्याच्या गोळ्यांचा पुडा आणला होता, मोजून चाळीस.

"पुरल्या," ती म्हणाली.

तिने सतरा नंबरवर काट मारली. सरासरी चौतीस, प्रमाण विचलन चार. मॅडमनी सही केली आणि इतकं नेटकं काम या वर्षी कुणाचं नाही, असंही म्हणाल्या. सौजन्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच रडूही आलं. ते तिने जिन्यात आवरलं.

वसतिगृहात शनिवारची गडबड होती. मुली घोळक्याने डोसे खायला निघाल्या होत्या. फाटकात तिला वाट देताना एकीने कुठल्या वर्षाला आहेस, असं विचारलं. सौजन्याने सांगितलं. पुढचं ऐकायला ती मुलगी थांबली नाही.

खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं आणि प्रबंध ठेवायला टेबलाचा खण उघडला. निळं, काळं आणि हिरवं, तिन्ही पेनं तिथेच पडली होती. शेजारी गोळ्यांचा पुडा होता. चाळिसांतली एकच कमी झाली होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून झाल्यावर तिने स्वतःच खाल्लेली.