बरकत, दोन, तीन, चार

हडपसरच्या कंपनीत स्पॅनिशची परीक्षा तोंडावर आली होती आणि ‘कोन्तार’ या एका शब्दापायी आलिमाचं डोकं उठलं होतं.

“अब्बा, कोन्तार म्हणजे मोजणं आणि कोन्तार म्हणजेच गोष्ट सांगणं! मोजण्यात कसली आलीय गोष्ट?”

मार्केट यार्डात पोती तोलण्यात जन्म गेलेले कासिमभाई जेवायला दस्तरखान अंथरत होते. यार्डात मोजताना पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘बरकत’ म्हणत. घरीही तेच. जेवायला बसलं की पोरांवरून बोट फिरायचं. रिकाम्या जागेवर ‘बरकत’, मग आलिमा ‘दोन’, धाकटे दोघे भाऊ ‘तीन’ आणि ‘चार’. आजही तसंच फिरलं.

आलिमा खळखळून हसली. “हेच बघा ना! आम्ही तिघं, आणि तुमच्या हिशेबात रोज चार. आता यात कुठली गोष्ट?”

कासिमभाईंनी बोट पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे नेलं.

“तुझ्या आधी एक होता, बेटा. नऊ दिवसांचा. तो गेल्यावर तुझी अम्मी त्याचा विषयच काढू द्यायची नाही.” त्यांनी दस्तरखानाची चुणी सारखी केली. “पण मोजायला कोण अडवतंय?”

आलिमाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. समज आल्यापासून, रोज जेवणाआधी, अब्बा तिला तिच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगत आले होते. आणि ती रोज हसत आली होती.