बाहेरची कडी

कळंबमध्ये गोरक्षच्या घराचं लोखंडी गेट बिजागरी तुटून कललं होतं. ते दुरुस्त करायला सुदर्शन वेल्डर आला. गोरक्षचे म्हातारे वडील भिमानाना हौसेनं मदतीला आले आणि वेल्डिंग होईपर्यंत त्यांनी गेट दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"नीट बसव रं लेकरा, घाई करू नको," ते म्हणाले.

बिजागरी बसली. गोरक्षनं सुदर्शनला बाजूला घेतलं.

"भाऊ, आतली कडी काढा आन बाहेरून लावा. मी आन बायको दोघंबी दिवसभर कामावर असतो. नाना मेंढरं हुडकत निघून जात्यात. परवा हायवेच्या मधी उभं व्हतं."

"मेंढरं कुठंयत?"

"इकून बारा वर्षं झाली."

सुदर्शननं आतली कडी कापून बाहेरून जोडली. गोरक्ष ती घालून कामावर गेला. सुदर्शन गाडीवर सामान बांधत असताना नाना गेटपाशी आले. त्यांनी गेट ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं. मग गजांतून हात बाहेर काढून त्यांनी त्याला बोलावलं.

"पावणं, ह्ये गेट उघडंना झालंय बगा. वाटंत कुणी वेल्डर भेटला, तर एवढं धाडून द्या."